मेलेल्या ढोरावर कोणी श्रीमंत होत नाही

पावसाळा लागला की जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो. त्यात म्हटलेलं असतं: गुरं मेली की सरकार पैसे वाटतं, शेतकरी त्यावर कमाई करतात, निम्मे दावे खोटे असतात, काळजी असेल त्याने विमा काढावा, ही मदत बंद करा. यातलं एकही म्हणणं टिकत नाही.

आधी ‘कमाई’ बघू. लम्पी म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी उठवणारा साथीचा रोग. २०२२ च्या साथीत राज्यात तो आधी ऑगस्टमध्ये जळगावच्या रावेर तालुक्यातल्या चिनावलला सापडला. पुढच्याच महिन्यात सरकारने मदत ठरवली: दुधाळ गाय ३०,००० रुपये, बैल २५,०००, वासरू १६,०००. आठ लिटर देणारी गाय आणि लिटरला ३० रुपये भाव धरा. दिवसाचे २४० झाले. म्हणजे सव्वाशे दिवसांच्या दुधाचे पैसे मिळाले आणि गाय कायमची गेली. बैलाचं त्याहून अवघड. जोडीतला एक गेला की उरलेला एकटा औत ओढत नाही. त्याच्या उंचीचा, त्याच्या चालीचा दुसरा शोधायचा, तोवर कोळपणी दुसऱ्याच्या जोडीने भाड्याने करून घ्यायची. पंचवीस हजारांत हे कसं बसवणार?

शिवाय हे पैसे फक्त मेलेल्या ढोराचे. लम्पी झालेली बहुतेक ढोरं वाचतात. पण वाचलेल्या गाईचं दूध आटतं, गाभण असेल तर गाभडते, बैलाचे पाय सुजतात आणि ऐन हंगामात तो गोठ्यात बसून राहतो. या नुकसानीला एक रुपयाही मिळाला नाही. मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे.

खोट्या दाव्यांचं म्हणाल, तर लबाड सापडला की त्याच्यावर जरूर कारवाई व्हावी. पण मदतीसाठी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा पंचनामा लागतो, आणि १ जून २०२४ पासून राज्यात कानाला बारा आकडी टॅग नसेल तर भरपाईच नाही. या नियमांचा काच खऱ्या माणसालाच जास्त बसतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या एखाद्या पाड्यावर टॅग मारायला कोणी पोहोचलंच नसेल, तर वीज पडून मेलेल्या गाईचं काय? नैसर्गिक आपत्तीच्या मदतीसाठी २०२२-२६ च्या केंद्रीय निकषांत मेंढीला ४,००० रुपये होते, तेही तीस मेंढ्यांपर्यंतच. साक्रीकडच्या मेंढपाळ ठेलाऱ्याच्या चाळीस मेंढ्या एका विजेने गेल्या, तर त्या निकषात दहा मोजल्याच जात नव्हत्या.

विमा जरूर काढावा. पण त्याचा हप्ता दर जनावरामागे भरावा लागतो, आणि दोन शेळ्यांवर घर चालवणाऱ्या भूमिहीन बाईला विमा काढला नाहीस म्हणून मदत नाकारणं हा न्याय नव्हे.

राहिली मदत बंद करायची मागणी. लम्पी माश्या, डास, गोचिडांमुळे पसरतो. मदत मिळणार नसेल तर आजारी ढोर गुपचूप बाजारात विकलं जाईल, मेलेलं नाल्यात टाकलं जाईल, आणि रोग पुढच्या गावात पोहोचेल. २०२२ मध्ये बाधित गावाभोवती ५ किलोमीटरच्या परिघात गुरांना गोट पॉक्सची, म्हणजे शेळ्यांच्या देवीची लस टोचली गेली. गाव बाधित आहे हे कोणीतरी दवाखान्यात येऊन सांगितलं, म्हणूनच तो परीघ आखता आला.