ॲक्रिलिकला 'थोडं तेल लाव रे' म्हणणाऱ्यांनो, जरा इकडे या

ॲक्रिलिकला भोक पाडायचंय असं नुसतं म्हणायची खोटी, जो तो उठतो आणि 'थोडं तेल लाव रे' म्हणून मोकळा होतो, या सगळ्यांना एकदा माझ्या बाल्कनीत आणून उभं करायचंय. मी काही ताजमहाल बांधत नव्हतो. दोन फुटी फिश टँकचं झाकण, बास. ५ एमएमची पारदर्शक ॲक्रिलिक शीट (काचेसारखं दिसणारं प्लॅस्टिक), हवेच्या नळीला एक भोक, वायरीला एक आणि फिल्टरच्या पाईपला एक मोठं.

पहिली शीट कोरडीच ड्रिल केली, चूक माझी, मान्य. फुल स्पीडला घातलं आणि निम्म्यात बिट असं अडकलं की अख्खी शीट पंख्यासारखी गरकन फिरली. बिटाभोवती वितळलेलं प्लॅस्टिक च्युइंगमसारखं गुंडाळलेलं आणि घरभर तो घाण वास. धातूतनं उष्णता पसरून जाते, ॲक्रिलिकमधनं जातच नाही, तिथेच साठते, आणि १०० डिग्रीच्या आसपास हे मऊ पडून बिटाला धरून बसतं. हे मला नंतर कळलं, आधी कोण सांगणार!

मग आले शेजारचे काका. आयुष्य लेथवर गेलेला माणूस. 'कंपनीत आम्ही ऑइलशिवाय ड्रिल चालवायचो नाही.' अहो काका, ते लोखंड होतं! पण त्यांच्यापुढे बोलायची सोय नाही, आणलं शिलाई मशीनचं तेल. आणि खरा संताप याचाच की भोकं मस्त पडली, काका खूश, मी खूश. आता तेलकट झाकण माशांवर ठेवणार कसं, म्हणून सॅनिटायझरने स्वच्छ पुसलं. सकाळी बघतो तर दोन्ही भोकांभोवती केसाएवढ्या बारीक चिरा, कोळ्याचं जाळंच जणू.

तर झालं काय, ड्रिल केलं की भोकाच्या कडेला ताण राहतो, डोळ्याला दिसत नाही, त्यावर अल्कोहोल गेलं की तोच ताण चिरा होऊन बाहेर पडतो. थिनर लावलात तर आणखी वाट, आणि काच पुसायचे स्प्रेसुद्धा नको. तेल लावा सांगणारे शंभर, पण ते नंतर कशाने पुसायचं नाही हे सांगणारा एक नाही!!

दुसरी शीट आणायला पुण्यातल्या बोहरी आळीत गेलो. कास्ट (साच्यात ओतलेली) आहे का एक्स्ट्रूडेड (मशीनमधून दाबून काढलेली) विचारलं तर 'चांगलीवाली आहे साहेब'. अरे बाबा, एक्स्ट्रूडेड लवकर वितळते, बिटाला लवकर चिकटते, म्हणून तर विचारतोय ना! उत्तर काय, 'सगळे हीच नेतात'.

शेवटी चाललं काय माहितीये? पाणी. साध्या पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, कुंड्यांवर मारायच्या स्प्रेच्या बाटलीत भरून. स्पीड कमी, खाली लाकडाची फळी, शीट क्लॅम्पने आवळलेली, दर दोन-तीन एमएमला बिट वर काढायचं, भुसा झटकायचा, फुस्स करून पाणी मारायचं, परत खाली. आणि बिटाची धार दगडावर किंचित बोथट करून घेतली, कारण लोखंडासाठीचं धारदार बिट यात घुसतं आणि पलीकडे निघताना टवका उडवतं, इथे घुसायला नको, खरवडायला हवं. भुसा लांब रिबिनीसारखा यायला लागला तेव्हा डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं. साबण नंतर नुसत्या पाण्याने धुऊन जातो, पुसापुशी नाही. फक्त माझं ड्रिल वायरवालं, त्यामुळे पाणी मारताना दर वेळी ते लांब ठेवून प्लग काढायचा, दोन भोकांना पाऊण तास गेला. बॅटरीवालं घे म्हणणाऱ्यांनी पैसे पण द्या.

आता फिल्टरचं २५ एमएमचं भोक राहिलंय, त्याला होल सॉ (मोठं भोक पाडायची गोल करवत) लागतो, तो रविवारी. तोवर मासे उडी मारू नयेत म्हणून टँकवर वर्तमानपत्र आणि त्यावर पोळपाट ठेवलाय, आणि पोळ्या काय ओट्यावर लाटू का, हा प्रश्न मला दिवसातून दोनदा विचारला जातोय.