पेन्सिलनं लिहिलेलं नाव

परवा दुकानात ओळखीतली एक मुलगी आली, कॉलेजात जाणारी. काउंटरवर माझं पुस्तक पालथं पडलेलं बघून म्हणाली, "काकू, हे तर तुम्ही गेल्या पावसाळ्यात पण वाचत होता की! खुनी कोण ते माहीत असताना परत काय वाचायचं त्यात?" मागं चार गिऱ्हाईकं उभी होती, म्हणून तिच्या हातात खोकल्याचं औषध दिलं आणि तिला पाठवली. उत्तर द्यायचं राहिलं. ते इथं देते. लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

मी माहेरची बेळगावची, वडगावातली. आमच्या गल्लीत तेव्हा घरोघरी माग. त्या खटखटीत शाळेचा अभ्यास होत नसे, रहस्यकथा मात्र झकास वाचून व्हायच्या. पाऊस लागला की आठ-आठ दिवस ऊन दिसायचं नाही, कपडे वाळायचे नाहीत, आणि आई म्हणायची की ही पोरगी पुस्तकातून डोकं काढणार नाही.

शहापुरात एका खोलीचं खाजगी वाचनालय होतं. प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर आणि पाठीवर फक्त नंबर. आतून काय निघेल ते नशिबावर. आणि त्या वाचनालयाचा एक सभासद महादुष्ट होता. पहिल्या पानावर, पुस्तकाच्या नावाखाली, बारीक अक्षरात पेन्सिलनं खुन्याचं नाव लिहून ठेवायचा. बाकी एक शब्द नाही. खोडरबरनं खोडायचं म्हटलं तरी खोडण्याआधी डोळे वाचून मोकळे झालेले असायचे.

पहिल्यांदा रडले होते. मग सवय झाली. सातवी-आठवीत मी निम्म्याहून जास्त रहस्यकथा खुनी माहीत असतानाच वाचल्या आणि त्यामुळं वाचायची तऱ्हाच बदलली. 'कोण' हा प्रश्न पहिल्याच पानावर मिटला की नजर दुसरीकडं जाते. लेखक ह्या माणसाला आपल्यासमोर बसवून चहा पाजतोय आणि तरी आपल्याला संशय येऊ देत नाही, ते कसं? त्याच्या तोंडी खोटं एकही वाक्य नाही, तरी आपण फसतो, ते कुठल्या वाक्याला?

बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवर मात्र त्या पेन्सिलवाल्यानं कधी हात चालवला नाही. बरोबरच आहे. हजारावर पुस्तकं लिहिलेला माणूस तो, पण तिथं 'कोणी केलं' हा प्रश्न नसतोच. त्यांचा नायक झुंजार आता ह्यातून सुटतो कसा, दुसरा नायक काळा पहाड कुठून उगवतो, एवढंच. एका बैठकीत वाचायचं, दुसऱ्या दिवशी विसरायचं. मी ती पुस्तकं शेकड्यांनी वाचली आणि आज एकाचीही गोष्ट धड सांगता येत नाही. हा दोष म्हणून सांगत नाही. भजी खाल्ल्यावर कोण लक्षात ठेवतं?

मग एक पुस्तक आलं. नाव सांगत नाही, तुमच्यापैकी कुणी वाचायचं राहिलं असेल. पेन्सिलनं त्यातल्या वकिलाचं नाव लिहिलेलं. मी अख्खं पुस्तक त्या वकिलावर डोळा ठेवून वाचलं. त्यानं चष्मा पुसला तरी मी मनात म्हणायची, हां, पुसतोय बघ पुरावा! शेवटच्या प्रकरणात कळलं की खुनी भलताच आहे आणि वकील बिचारा गायीसारखा गरीब.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. हा माणूस शेवट वाचून नाव लिहीत नव्हता. मधेच कुठंतरी थांबून अंदाज लिहीत होता! आणि बाकी सगळीकडं बरोबर निघाला होता. माझा सगळा राग तिथल्या तिथं उतरला. पुस्तकांच्या मागच्या चिठ्ठीवर तारीख आणि सभासद नंबर असायचा, तर मी पेन्सिल लागलेल्या नऊ पुस्तकांच्या चिठ्ठ्या ताडून पाहिल्या. एक नंबर सगळीकडं होता. वाचनालयवाल्या काकांना विचारलं, हा नंबर कुणाचा हो? काकांनी वहीतून डोकं वर न काढता सांगितलं, "कशाला पायजे तुला? पुस्तक वाच की." माझा तपास तिथंच संपला. नंतर ते वाचनालयही बंद पडलं.

पुढं डी. फार्म. केलं, लग्न होऊन खानापूरला आले, मेडिकल सांभाळायला लागले. आणि ॲगाथा ख्रिस्ती हातात आली ती अगदी योग्य वयात. आधी मराठीतून. मधुकर तोरडमलांनी तिच्या बऱ्याच कादंबऱ्या मराठीत आणल्यात. हो, तेच 'तरुण तुर्क म्हातारे अर्क'मधले प्रोफेसर बारटक्के. नंतर डिक्शनरी शेजारी घेऊन इंग्रजीतून.

ही बाई आमच्याच धंद्यातली, हे मला फार उशिरा कळलं. पहिल्या महायुद्धात ती इंग्लंडमधल्या टॉर्कीच्या हॉस्पिटलात औषधं मिसळून द्यायच्या कामाला होती, त्याची परीक्षासुद्धा दिलेली. तिच्या पहिल्याच कादंबरीत, १९२० सालच्या, एका बाईला स्ट्रिकनीननं मारलंय. कुणी ते सांगणार नाही, कसं ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. त्या काळी टॉनिकमध्ये अगदी थोडं स्ट्रिकनीन घालत. त्यात ब्रोमाइडची पावडर पडली की स्ट्रिकनीनचे खडे होऊन तळाशी बसतात. वरचे सगळे डोस निरुपद्रवी. शेवटच्या डोसात सगळं विष एकदम.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. आयुष्यभर मी गिऱ्हाइकाला काय सांगत आलेय? बाटली हलवून घ्या. कानडी माणूस असला तर, अल्लाडिसी कुडीरि. दिवसातनं पन्नास वेळा. आणि ह्या बाईनं तेवढ्या एका वाक्यावर खून उभा केला! औषधवाल्यांच्या मासिकात त्या पुस्तकाची तारीफ छापून आली होती, आणि तिला त्याचाच अभिमान जास्त होता. असणारच.

तिच्या १९६१ सालच्या एका कादंबरीत थॅलियमचं विष आहे, केस गळतात त्यानं. १९७७ मध्ये लंडनच्या हॉस्पिटलात कतारहून आणलेलं एक लहान मूल डॉक्टरांना उमगत नव्हतं. तिथली नर्स नेमकं हेच पुस्तक वाचत होती. तिनं सांगितलं, थॅलियम तपासा. ते थॅलियमच निघालं आणि पोर वाचलं. रहस्यकथा वाचून काय मिळतं असं विचारणाऱ्या माझ्या नणंदेला हे मी तीनदा सांगितलंय.

तर त्या मुलीला, आणि जे विचारतील त्यांना, काय वाचा म्हणून सांगू?

पहिलं, ख्रिस्तीचीच, रॉजर ॲक्रॉइडच्या खुनाची कादंबरी. १९२६ ची. गोष्ट गावातला डॉक्टर सांगतो. छापून आली तेव्हा लेखिकेनं वाचकाशी दगा केला म्हणून ओरड झाली होती. एकदा वाचा, चडफडा, आणि पंधरा दिवसांनी परत पहिल्या पानापासून लागा. दगा कुठंच नाही, सगळं तुमच्या नाकासमोर मांडलेलं. मला विचाराल तर ते पुस्तक दुसऱ्यांदा वाचण्यासाठीच लिहिलंय, पहिलं वाचन नुसती तयारी.

दुसरं जपानी, केइगो हिगाशिनोचं, संशयित एक्सचं. २००५ सालचं. ह्यात खून पहिल्याच प्रकरणात तुमच्यादेखत होतो. एक आई, तिची मुलगी, आणि शेजारी राहणारा गणिताचा मास्तर. म्हणजे लेखकानं स्वतःच पहिल्या पानावर पेन्सिल चालवलीय! आणि तरी शेवटी तुम्ही आपटता. मी इंग्रजीतून वाचलं, भाषा सोपी आहे.

मराठीत सुहास शिरवळकर. 'दुनियादारी'वाले म्हणून सगळे ओळखतात, पण मला त्यांचा बॅरिस्टर अमर विश्वास जास्त आवडतो. त्यांचेच फिरोज इराणी, मंदार पटवर्धन हे नायकही आहेतच. संवाद असे की वाचताना आपलीच मान डोलते. मात्र काही पुस्तकं दुसऱ्या वाचनात ढिली पडतात, घाईत लिहिल्याचं कळतं. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा ह्या पंगतीत बसवू नका. तिथं गुन्हेगार शोधायचा नसतो, आणि रात्री एकटीनं वाचायच्याही नसतात.

घरात दहा-बारा वर्षांचं पोर असेल तर फास्टर फेणे आहेच. त्याच्या जोडीला सत्यजित राय यांचा फेलुदा द्या, अशोक जैनांचा अनुवाद आहे. शेरलॉक होम्स भालबा केळकरांच्या मराठीतनं द्या. इंग्रजी मीडियमच्या पोरांनासुद्धा. रहस्याच्या ओढीनं पोरं मराठी वाचतात, हे माझ्या पुतण्यावर करून बघितलंय.

हे मी खात्रीनं बोलते, कारण मी कानडी वाचायला अशीच शिकले. शाळेत अक्षरं गिरवली होती, पण वाचायचा कंटाळा. मेडिकलच्या शेजारी एक कानडी अज्जी राहायच्या. त्यांनी एन. नरसिंहय्यांची जुनी, पिवळी पडलेली कादंबरी दिली, पत्तेदार पुरुषोत्तमाची. डिटेक्टिव्ह कादंबरीला कानडीत पत्तेदारी कादंबरी म्हणतात. पत्ता लावणारा तो पत्तेदार. शब्द बघा, आपलाच वाटतो. मराठीतसुद्धा पत्ता लागतोच की! मला तर 'गुप्तहेर'पेक्षा हाच बरा वाटतो. इथं भाषेवरनं इतकं भांडण होतं, पण खुनी कोण ते कळायची घाई असली की लिपी आडवी येत नाही. चार पानांना एक तास लागला होता. पुस्तक संपेपर्यंत मी बसची पाटी न अडखळता वाचायला लागले होते.

नरसिंहय्यांची आणखी जुनी पुस्तकं कुणाच्या माळ्यावर असतील तर कळवा, वाचून परत देईन. माझ्याकडची कुणाला हवी असतील तर दुकानात या, रात्री साडेनऊपर्यंत उघडं असतं. वही ठेवलीय, नाव लिहून न्यायचं. पेन मीच देईन, पेन्सिल ठेवत नाही.