पराचा कावळा

पराचा कावळा करायला फार काही लागत नाही, एक जीभ पुरते. चामड्याचा पर करायला मात्र स्विव्हल नाइफ (बोटांत फिरणारी कोरायची सुरी), दोन-तीन बेव्हलर (चिरेची एक बाजू दाबून उतार करणारे ठसे), मॉडेलिंग स्पून (चमच्यासारख्या टोकाचं घासायचं हत्यार), मोगरी, ग्रॅनाइटची लादी, स्पंज आणि एक अख्खी रात्र लागते. आणि एवढं करून शेवटी हाती येतो तो बहुधा कावळाच.

चामड्यावर कोरीवकाम शिकणारा माणूस पिसाकडे वळतो तो निव्वळ आळसाने. अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या शेरिडन गावाच्या नावाने ओळखली जाणारी फुलांची शैली तो आधी बघतो. एकात एक गुंतलेली वर्तुळं, पाकळ्यांवर पाकळ्या, वळसे घेत पळणारे देठ. बघूनच मान आखडते. त्यापुढे पीस म्हणजे काय, मधे एक दांडी आणि दोन्हीकडे रेघा! हा हिशेब साफ चुकीचा आहे. फुलांच्या नक्षीत सुरी घसरली तर त्या घसरणीचं पान करता येतं, एखादा देठ वाढवून वेळ मारून नेता येते. पिसात लपायला जागाच नाही. दांडी वाकडी गेली की गेली.

चामडं वनस्पतींच्या टॅनिनने कमावलेलं हवं, म्हणजे व्हेज-टॅन. जॅकेटांचं मऊ चामडं बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. त्यावर ठसा मारला की ते घडीभर दबतं आणि मग काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने वर येतं. शिकायला ३ ते ३.५ मिलिमीटर जाडी बरी. पाकिटाच्या दीड मिलिमीटरवरही पीस निघतं, पण तिथे चूक करायलासुद्धा कौशल्य लागतं. मागच्या बाजूला पॅकिंगची चिकटपट्टी उभी-आडवी लावून घ्यावी, कारण ओलं चामडं ठोकलं की पसरतं आणि तुम्ही काढलेल्या प्रमाणांचे बारा वाजतात.

आता पाणी. पी हळद आणि हो गोरी असा ज्यांचा स्वभाव आहे त्यांनी इथूनच परत फिरावं. स्पंजने दोन्ही बाजूंनी एकसारखं भिजवायचं. मधेच एक ठिपका ओला केला तर त्याचा डाग राहतो. मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर ठेवायचं, म्हणजे ओल गाभ्यापर्यंत सारखी मुरते. दोन-तीन दिवस विसरलात तर पिशवीत बुरशीची बाग फुलते. काम लांबणार असेल तर पिशवी फ्रिजमध्ये. सकाळी बाहेर काढून वाट बघायची. वरचा रंग कोरड्या चामड्यासारखा होत आला, पण गालाला लावल्यावर गार लागतं, ही वेळ. घरातलं माणूस सकाळी सकाळी डोळे मिटून गालाला चामडं लावून उभं आहे, हे दृश्य इतरांना समजावून सांगायच्या भानगडीत मी पडत नाही.

ओल जास्त असेल तर सुरी लोण्यातून फिरल्यासारखी फिरते, छान वाटतं, आणि मागे चिरा मिटत जातात. ठसे बुळबुळीत उमटतात. कमी असेल तर सुरी अडते, ठसा वरच्यावर राहतो. ओल बरोबर असेल तर बेव्हलरच्या प्रत्येक ठोक्याखाली चामडं जळल्यासारखं खरपूस तपकिरी होतं. तो रंग दिसला नाही तर ठोकणं थांबवावं. पुढे जोर लावून काही होत नाही, फक्त शेजारी जागे होतात.

या अवस्थेतल्या चामड्याची स्मरणशक्ती भयंकर असते. अंगठी, घड्याळाचा पट्टा, बाहीचं बटण, टेबलावरचा एखादा खडा, सगळं ते लक्षात ठेवतं. आणि नख. नखं कापून, अंगठ्या काढून बसायचं हा नियम मला तोंडपाठ आहे. तरी अंगठ्याचं एक नख दर वेळी कोपऱ्यात रुततंच. चंद्रकोरीएवढा ठसा. मॉडेलिंग स्पूनच्या पाठीने तो घासला की दिसेनासा होतो, असं त्या वेळी वाटतं.

लोखंडाचंही तसंच. टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात भेटले की काळाकुट्ट डाग पडतो. शाई पूर्वी याच रसायनावर बनायची. म्हणून गंजकी हत्यारं लांब ठेवायची, आणि सुरीला धार लावताना उडणारी पूडसुद्धा. ती डोळ्यांना दिसत नाही, पण तासाभराने चामड्यावर काळे ठिपके उठतात. पाण्यात लिंबाचा रस घालून फिरवला तर डाग फिका होतो. न झाल्यास, कावळा क्रमांक एक.

नक्षी ट्रेसिंग फिल्मवरून बोथट स्टायलसने उतरवायची, हलक्या हाताने. फक्त दांडी, बाहेरचा काठ आणि फाटे. तंतू उतरवायचे नाहीत. बॉलपेन तर चामड्याच्या आसपासही आणायचं नाही.

आणि नक्षी काढण्याआधी खरं पीस समोर ठेवून बघावं, हे कुणीच करत नाही. पीस कसं असतं हे आपल्याला माहीत आहे अशी प्रत्येकाची खात्री असते. ते काढून दाखवा म्हटलं की एक सरळ दांडी, तिला काटकोनात समोरासमोर रेघा, आणि माशाचा सांगाडा तयार. खऱ्या पिसाची दांडी क्वचितच सरळ असते, तिला किंचित बाक असतो, आणि ती बुडाकडून टोकाकडे निमुळती होत जाते. पंखातल्या पिसाच्या दोन पाती सारख्या रुंद नसतात. वाऱ्याला भिडणारी अरुंद, मागची रुंद. तंतू दांडीतून तिरपे निघतात आणि टोकाच्या दिशेने झुकतात. बुडाशी त्यांची विस्कटलेली लव होते. फाटे, म्हणजे जिथे तंतू सुटून पातीत फट पडते त्या जागा, एका पिसात तीन-चार पुरेत. ते दोन्हीकडे समोरासमोर आले की पीस कंगव्यासारखं दिसतं. फाटा काठाशी रुंद, आत अरुंद, आणि दांडीला टेकायच्या आधी संपलेला हवा. टेकला तर पीस तिथे मोडल्यासारखं वाटतं.

स्विव्हल नाइफ धरणं ही बोटांची स्वतंत्र संसारव्यवस्था आहे. सुरीच्या माथ्यावरच्या खोगिरासारख्या खाचेत तर्जनी, तिचं काम नुसता दाब देणं. अंगठा आणि मधलं बोट नळी फिरवणार. करंगळी आणि तिची शेजारीण चामड्यावर टेकून आधार देणार. पातं बाजूला कलू द्यायचं नाही. कललं की चीर तिरकी जाते आणि एका बाजूची कड पापुद्र्यासारखी सुटते. खोली जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून फार तर निम्म्यापर्यंत. सुरी आपल्याकडे ओढायची आणि वळणावर नळी फिरवायची. चामडं हवं तसं फिरवून घ्या, स्वतः खुर्चीत फिरू नका.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे अंगण बहुतेक वेळा खरोखरच वाकडं असतं. नव्या सुरीचं पातं धारदार असलं तरी गुळगुळीत नसतं. ते चामड्यात घासतं, धक्के खात जातं आणि दांडीच्या रेषेला कंप सुटतो. कातड्याच्या पट्ट्यावर रूज (धातू चकाकवायची पॉलिश) चोळून त्यावर पातं मागे ओढत घासायचं, दोन्ही बाजू सारख्या, आरशासारखं चमकेपर्यंत. काम चालू असतानाही दर काही चिरांनंतर पुन्हा.

दांडीच्या दोन रेषा आधी. पंधरा सेंटिमीटरच्या पिसाला बुडाशी दोन-अडीच मिलिमीटर अंतर, पुढे जवळ येत टोकाच्या अलीकडे एक झालेल्या. या दोन रेषा ओढताना श्वास रोखायचा मोह होतो. रोखू नये, सोडताना हात हलतो.

मग बेव्हलर. त्याची जाड कड चिरेत, उतार बाहेरच्या बाजूला, हत्यार ताठ. मोगरी नायलॉनची किंवा कच्च्या कातड्याची. लोखंडी हातोड्याने हत्याराचं डोकं कुत्र्याच्या छत्रीसारखं पसरतं. खाली लादी, आणि लादी टेबलाच्या पायावर येईल अशी. टेबलाच्या मधोमध ठोकलं तर निम्मा ठोका टेबलच खातं. बेव्हलर उचलून पुन्हा ठेवायचा नाही, चिरेतून सरकवत चालवायचा. ठोके छोटे, भराभर, प्रत्येक आधीच्यावर चढलेला. अंतर पडलं की उताराच्या जागी जिना होतो. दांडीच्या दोन्ही अंगांना पाती दाबली की दांडी आपोआप वर उठते. फाट्यांच्या आत जमीन दाबायची आणि मॉडेलिंग टूलचं टोक कडेखाली सरकवून कड अलगद उचलायची. केसभर उचलली की खाली सावली पडते आणि चपटं चामडं अचानक हलकं वाटायला लागतं. आणखी थोडी उचलावी, असं तिथेच वाटतं. नाही. फाटते.

तंतूंशी येऊन खरी परीक्षा. सहा मिलिमीटरचं बारीक पातं, दांडीपासून निघून काठाकडे, वजन जवळजवळ शून्य, शेवटी हवेत सुटलेलं. काढताना ते धड दिसतही नाहीत. दिसत नाहीत म्हणून माणूस जोर लावतो. दिसत नाहीत म्हणून दोन रेषांमध्ये तिसरी घुसवतो, मग चौथी. माझ्या मते पिसं बिघडतात ती याच अर्ध्या तासात. तंतू गटागटाने असावेत, काही लांब, काही अर्ध्यात विरलेले, आणि मधे चामडं मोकळं. मोकळी जागा सोडायला कुठलंच हत्यार मिळत नाही, तेवढं एक हात बांधून करावं लागतं.

कारण हिशेब चुकता होतो तो शेवटी. चामडं सपाट ठेवून, उन्हापासून दूर, एक पूर्ण दिवस सुकवायचं. रेझिस्टचे, म्हणजे रंग चामड्यात मुरू न देणाऱ्या लेपाचे, दोन पातळ हात, पहिला वाळल्यावरच दुसरा. मग गडद अँटिक पेस्ट गोल गोल चोळून चिरांमध्ये भरायची आणि लगेच पुसायची. पुसायचा कपडा बोटाभोवती ताणून सपाट धरायचा, नाहीतर तो चिरेतली पेस्टही उपसून काढतो. आता मघाशी न दिसणारी प्रत्येक केसासारखी रेषा उठून येते, आणि ‘अजून एक’ म्हणत घुसवलेली प्रत्येक रेषाही. ज्याने जोर लावला होता त्याच्या पातीत काळ्या पट्ट्या एकमेकींना भिडतात आणि गरुडाचं शुभ्र पीस पुसता पुसता काळं होतं. कावळा क्रमांक दोन. याला लिंबूही चालत नाही.

आणि पुसत पुसत कोपऱ्याशी आलं की तिथे चंद्रकोर. स्पूनने घासून दिसेनाशी केलेली, आता पेस्ट पिऊन ठसठशीत. कड स्वच्छ, खोली सगळीकडे सारखी, वळण एका दमात घेतलेलं. पूर्ण पिसात इतकी सुबक रेषा दुसरी नसते.