गठुड्याचं वजन

गेल्या आठवड्यात एका रात्री कापूस वेचणीची वही काढून हिशेब केला. पाच बाया, प्रत्येकीमागे रोज कापलेला अर्धा किलो, बारा दिवस. तीस किलो झाले. दहा रुपये किलो मजुरीनं तीनशे रुपये. एवढ्या पैशासाठी मी बारा दिवस खोटं बोललो, आणि बोलतोय हे मला कळलंसुद्धा नाही. हे इथं लिहावं की नाही यावर चार दिवस घोळ घातला. पण आपल्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, बरीच माणसं इथं माझ्या मित्रयादीत आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या घरी कापूस आहे. म्हणून लिहितो.

झालं असं. संध्याकाळी धुऱ्यावर गठुडी काट्याला लावायची आणि वजन वहीत मांडायचं, हे काम माझं. पहिल्या दिवशी सकाळी दव होतं, कापूस ओलसर होता, म्हणून प्रत्येकीचा अर्धा किलो कापला. तेवढं सगळेच कापतात. दव गेलं, ऊन तापायला लागलं, पण माझं कापणं चालूच राहिलं. बाराव्या दिवशी एका मावशीनं विचारलं, "भाऊ, सकाळचं ओलं रायते तं समजलं. हा तं दुपारच्यान वेचला. याचं कावून कापता?"

मी म्हणालो, "मावशी, लुगड्याचं वजन असते ना."

ती काही बोलली नाही. गठुडं सोडलं, कापूस ढिगावर टाकला, लुगडं झटकून खांद्यावर घेतलं आणि गेली. जुनं विरलेलं लुगडं ते, त्याचं वजन असून असून किती असणार?

मला खुपलं ते वेगळंच. उत्तर द्यायला मला क्षणभरही लागला नाही. खोटं आधीच तयार होतं, नुसती कोणी विचारायची खोटी होती. मग ते पिकलं कुठं? आठवून पाहिलं तर वेचणी लागल्यापासून माझ्या डोक्यात एकच चक्र चालू होतं. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये, आणि गावात गाडी घेऊन येणारा व्यापारी सात हजारांच्या आत मागतो. सरकारी केंद्रावर न्यावा तर ८ टक्के ओलाव्यापर्यंतच पूर्ण भाव, पुढं प्रत्येक टक्क्याला कपात, आणि १२ च्या वर गेला की गाडी परत. शेवटी खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या त्या व्यापाऱ्यालाच दिला, तर त्यानं क्विंटलमागे दोन किलो कट्टी मारली, म्हणजे वजनातून कापले. कशाची, म्हटलं. "हवेची," म्हणे. त्या माणसाला मी मनातल्या मनात आठ दिवस शिव्या घातल्या. सकाळी प्रार्थना करताना घातल्या, बैलबंडीवर बसून घातल्या. आणि नेमकं त्यानं माझ्याशी जे केलं तेच मी मावशीशी केलं. त्यानं हवेचं नाव सांगितलं, मी लुगड्याचं.

आमच्या आजोबांची एक गोष्ट सांगतो. यवतमाळला १९५३ मध्ये ख्रिस्ती धर्मशिक्षणाची सेमिनरी सुरू झाली होती, १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. तिथली शिकणारी पोरं सायकलवर आमच्या खेड्यापर्यंत प्रचाराला यायची. त्यांतल्या एकानं आजोबांना बायबलमधलं पहिलं स्तोत्र समजावून सांगितलं होतं. त्यात रात्रंदिवस मनन करणाऱ्या माणसाबद्दल आहे. 'मनन'साठी तिथं जो इब्री, म्हणजे हिब्रू, शब्द आहे, त्याचा अर्थ पुटपुटणं असाही होतो. आजोबा चार बुकं शिकलेले. त्यांनी गोठ्यातल्या बैलाकडे बोट दाखवून विचारलं, "म्हंजे रवंथ?" तेव्हापासून आमच्या घरात तोच शब्द आहे. लहानपणी मी कोणावर तोंड फुगवून बसलो की आजी विचारायची, "काय रवंथ चाललं रे बाबू?"

बैल दिवसभर जे चरतो तेच रात्री चघळतो. दिवसा कडबा आणि रात्री तोंडात हिरवा ऊस, असं होत नाही. मी आठवडाभर व्यापारी चघळला, मग काट्यासमोर तोंडातून दुसरं काय येणार? रविवारी तास-दीड तास गाणी म्हटली म्हणून पोटातला चारा बदलत नाही.

डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू येशू हेच सांगतो, आणि म्हणूनच तो भाग वाचायला सोपा आणि पचायला जड आहे. खून करू नको हे जुनं. तो म्हणतो, भावावर मनात राग धरलास तरी न्यायाला उभा राहशील. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना नवा करार मिळाला तो राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात, एका अनोळखी गोऱ्या माणसाकडून. त्यांना धरून ठेवलं ते याच प्रवचनानं. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पंडित माणूस, वाद घालायला कोणाला हार जाणारा नव्हे, आणि त्याला जिंकलं कशानं, तर मनाच्या तळापर्यंत जाणाऱ्या चार वाक्यांनी. मी मात्र तीच वाक्यं जन्मापासून ऐकतोय आणि ती माझ्या कानावरून कपाशीच्या पराटीवरून वारा जावा तशी जातात.

आता एक गोष्ट, जिच्यावरून माझं मंडळीत वाजतं. "विचार चांगले ठेवा, सगळं चांगलं होईल," असं हल्ली फार ऐकू येतं. प्रेषित पौलानं फिलिप्पैकरांना पत्रात लिहिलं की जे सत्य, जे न्याय्य, जे शुद्ध, त्याचं मनन करा. हे वचन कॅलेंडरवर छापतात, फुलांच्या फोटोवर टाकतात. पण लिहिणारा बेड्यांत होता हे कोणी सांगत नाही, आणि त्याच्या यादीत पहिला शब्द 'सत्य' आहे, 'गोड' नाही. ज्याच्या डोक्यावर सोसायटीचं आणि सावकाराचं कर्ज आहे, ज्याची बोंडं परतीच्या पावसात काळी पडली, त्याला "निगेटिव्ह विचार करू नको" म्हणणं हे मला पाप वाटतं. आपल्या जिल्ह्यात तरी असं बोलताना जीभ अडखळायला पाहिजे. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून म्हणाला, देवा, पुरे झालं, आता माझा जीव घे. देवानं त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं. दूतानं उठवून भाकर आणि पाणी दिलं, आणि तो परत झोपला तेव्हा पुन्हा एकदा खाऊ घातलं. बोलणं नंतर झालं. ख्रिस्ती विचार म्हणजे काय असं मला कोणी विचारलं, तर मी ती भाकर दाखवीन.

तर, मावशीकडे परत येतो. त्या रात्री याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढला. कुठं आहे ते माहीत होतं, म्हणूनच इतके दिवस उघडला नव्हता. शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, असं तिथं लिहिलंय. मजुरांच्या आरोळ्या त्याच वचनात पुढं आहेत, पण आधी मजुरी ओरडते. आमची मावशी तर ओरडलीच नव्हती.

गावात आमची ख्रिस्ती घरं तीन. पहिल्या वेचणीला शेजारी सीतादही, म्हणजे दहीभाताची पूजा, करतात, आम्ही कपाशीच्या ओळीत उभं राहून प्रार्थना करतो. यंदाही केली होती, चांगली लांबलचक.

बाजाराच्या दिवशी पाचही जणींना साठ-साठ रुपये वेगळे दिले आणि कशाचे ते सांगितलं. लुगड्याचं सांगितलं ते खोटं होतं, हेही सांगितलं. चौघी हसल्या. एक म्हणाली, "जाऊ द्या ना भाऊ, सारेच कापतेत." मावशी हसली नाही. पैसे मोजले आणि पदराच्या गाठीत बांधले. तिनं मला माफ केलं असं मला वाटलं होतं. निदान माझ्या मनानं तसं परस्पर ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गठुडं काट्याला लावलं. एरवी ती लांब उभी राहायची. त्या दिवशी काट्याला नाक लागेल इतकी जवळ आली, आकडा स्वतः वाचला आणि म्हणाली, "साडेसव्वीस. लिवा."