लंडनचा उंट

चाळिशी उलटल्यावर बुद्धिबळाच्या स्पर्धांत परतणाऱ्या माणसाला पहिला साक्षात्कार होतो तो असा, की आपण खेळत नव्हतो त्या वीस वर्षांत बाकी सगळे अभ्यास करीत होते. राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवावे, तर समोरचा सिसिलियन बचाव मांडतो, त्यातही नायडॉर्फ हा त्याचा गुंतागुंतीचा प्रकार, आणि मग तो घरून पाठ करून आलेल्या खेळ्या स्तोत्र म्हटल्यासारख्या करीत जातो, तर मी प्रत्येक खेळीला दहा-दहा मिनिटे खर्ची घालून घाम पुसत बसतो. अखेर गेल्या वर्षी, अभ्यास कमी लागतो या एकाच गुणावर भाळून, मी लंडन सिस्टिम या पांढऱ्या मोहऱ्यांच्या ओपनिंगला, म्हणजे डाव सुरू करण्याच्या ठरावीक पद्धतीला, शरण गेलो.

ही सिस्टिम म्हणजे बुद्धिबळातले पिठले-भात. वजिरापुढचे प्यादे डी-४ वर (अक्षर पटाच्या उभ्या रांगेचे, आकडा आडव्या रांगेचा), काळ्या घरांतला उंट एफ-४ वर, मग ई-३ आणि सी-३ ची प्यादी, घोडे एफ-३ व डी-२ वर, दुसरा उंट डी-३ वर आणि शेवटी राजाला हत्तीच्या आडोशाला नेणारा किल्लेकोट. पाहुणा कोणीही असो, आपला स्वयंपाक तोच. काळ्याचा घोडा एच-५ वर येऊन उंटाच्या मागे लागेल अशी भीती वाटली, तर एच-३ वर प्यादे सरकवून उंटाला मागे एच-२ ची खोली रिकामी करून ठेवायची, एवढाच काय तो जास्तीचा मसाला.

मंडळात या ओपनिंगला मान नाही. माझा उंट एफ-४ वर गेला की समोरचा सुस्कारा सोडतो आणि चहाला उठतो. अशा वेळी मी इतिहास सांगतो. जगज्जेत्या कापाब्लांकाने जिंकलेल्या १९२२ च्या लंडन स्पर्धेवरून हे नाव पडले, आणि २०२३ मध्ये अस्तानाला जगज्जेतेपदाच्या लढतीत सहाव्या डावात डिंग लिरेनने याच सिस्टिमने नेपोम्नियाचीला हरवले, हे मी अशा थाटात ऐकवतो, की जणू डिंगने आदल्या रात्री मला फोन केला होता. त्या डावामागे डिंगची किती वर्षांची मेहनत असेल, हा विचार मात्र मी सोयीस्करपणे टाळत आलो आहे.

खरा घात असा, की पहिल्या आठ खेळ्या डोळे मिटून करता येतात म्हणून मी त्या खरोखरच डोळे मिटून करतो. गेल्या रविवारी समोर एक निवृत्त गृहस्थ होते. शेजारी थर्मास, हातात वेळच वेळ. मी चौथी खेळी करून घामाशिवाय खेळण्याचे सुख अनुभवीत होतो, तोच त्यांचा वजीर बी-६ वर आला. उंट घर सोडून निघून गेला की बी-२ चे प्यादे पोरके होते, हे तेव्हा ध्यानात आले. मी वजीर बी-३ वर आणला, त्यांनी सी-४ वर प्यादे सरकवून त्याला हुसकावले, मी सी-२ वर माघार घेतली, आणि मग त्यांनी आपला उंट एफ-५ वर, माझ्या वजिराच्या तोंडात, विनासंरक्षण आणून ठेवला.

वयोमानाने होते असे, असे मनाशी म्हणत, किंचित खेदानेच, मी तो फुकटचा उंट घेतला. त्यांनी वजिराने बी-२ चे प्यादे टिपले. ज्या वजिराने त्या प्याद्याची राखण करायची तो दूर एफ-५ वर मेजवानी झोडत होता, आणि कोपऱ्यातल्या हत्तीला शेजारचा घोडा जागचा हललेला नसल्याने पळायला एकही घर नव्हते.

डाव संपल्यावर त्यांनी थर्मासच्या झाकणात मला चहा ओतून दिला.

“काका, या लंडनमध्ये पाठ करण्यासारखं काही नसतं असं ऐकलं होतं,” मी म्हणालो.

“फारसं नसतंच,” ते म्हणाले. “ही एक जागा, आणि अशाच आणखी सात-आठ.”

परतताना कोपऱ्यावरच्या दुकानातून मी दोनशे पानी वही घेतली.