सेल्टिक वॉरियर्स ‘बुडणारच होती’ म्हणणाऱ्यांसाठी

वेल्श रग्बीचा विषय निघाला की एक म्हणणं हमखास पुढे येतं आणि लोक ते डोळे झाकून शेअर करत राहतात. थोडक्यात ते असं: सेल्टिक वॉरियर्स ही बळंच जुळवलेली टीम होती, खेळात दम नव्हता, बघायला कुणी यायचं नाही, पैसे संपले म्हणून एका सीझनमध्ये बंद पडली, आणि बंद पडली तेच बरं झालं कारण लगेच २००५ ला वेल्सने ग्रँड स्लॅम मारला, म्हणजे सिक्स नेशन्स स्पर्धेतल्या सगळ्या मॅच जिंकल्या.

हे वाचलं की मला खरंच वाईट वाटतं. यातल्या दोन गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, ते मी खाली मान्यही करतो, पण बाकीचं साफ चूक आहे, आणि चुकीचं तेच इतक्यांदा फिरलंय की आता नवीन फॅन्सना तोच इतिहास वाटायला लागलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं मागचं सांगतो. २००३ मध्ये वेल्श रग्बी युनियन कर्जात होती आणि वरच्या लेव्हलचे नऊ क्लब पोसणं झेपत नव्हतं. तेव्हाचे चीफ एक्झिक्युटिव्ह डेव्हिड मॉफेट यांनी क्लबांच्या जागी रिजन, म्हणजे प्रदेशाच्या टीम्स आणल्या, एकूण पाच. कार्डिफ आणि लानेली एकटे राहिले, त्यांना कुणाशी जुळवून घ्यावं लागलं नाही. नीथ आणि स्वॉन्झीची ऑस्प्रेज झाली, न्यूपोर्ट आणि एबू व्हेलची ड्रॅगन्स, आणि पॉन्टिप्रिद आणि ब्रिजेंडची वॉरियर्स.

आता पहिला मुद्दा, दम नव्हता म्हणतात तो. अहो, ब्रिजेंडने २००२-०३ ची वेल्श लीग जिंकलेली होती, म्हणजे रिजन सुरू व्हायच्या आधीचा शेवटचा चॅम्पियन क्लब तोच. पॉन्टिप्रिदने २००२ चा वेल्श कप जिंकला होता, त्याच वर्षी पार्कर पेन शील्ड या युरोपियन स्पर्धेची फायनल खेळली आणि इंग्लंडच्या सेल क्लबकडून २५-२२ अशी हरली. अशा दोन क्लबांची टीम मैदानात उतरली आणि सेल्टिक लीगमध्ये, म्हणजे वेल्स, आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या टीम्सच्या लीगमध्ये, बारा टीम्समध्ये चौथी आली. ऑस्प्रेज पाचवी, कार्डिफ ब्लूज सहावी. जी टीम बंद केली ती टिकवलेल्या दोन टीम्सच्या वर होती, हे एवढं एक वाक्य जरी लोकांनी लक्षात ठेवलं ना तरी अर्धा वाद मिटेल. आणि हे सगळं वर्ल्ड कपच्या वर्षात, गॅरेथ थॉमस, गेथिन जेंकिन्स, मेफिन डेव्हिस, सिडोली, कॉकबेन, सॉनी पार्कर, केरी स्वीनी हे सगळे २००३ च्या शेवटी ऑस्ट्रेलियात वेल्सकडून खेळत होते आणि इकडे कोच लिन हॉवेल्स उरलेल्या पोरांना घेऊन लीग खेळवत होते.

युरोपातलं तर विचारूच नका. जानेवारी २००४, हायनेकेन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, इंग्लंडच्या वास्प्स क्लबच्या घरच्या मैदानावर वॉरियर्स १४-९ ने जिंकली. परतीच्या मॅचला वास्प्सने हिशोब चुकता केला हे खरं, पण हीच वास्प्स मे महिन्यात ट्विकनहॅमला फ्रान्सच्या तुलूझला २७-२० हरवून युरोपची चॅम्पियन झाली. चॅम्पियनला चॅम्पियनच्याच घरी हरवणारी टीम दमाशिवाय असते का?

आणि नील जेंकिन्स, त्याला कसं विसरतात लोक. इंटरनॅशनल रग्बीत हजार पॉइंट्स करणारा पहिला माणूस, पॉन्टिप्रिदच्या शेजारच्या चर्च व्हिलेजचा, शेवटच्या दिवसांत वॉरियर्सच्या जर्सीत खेळत होता आणि त्याच सीझनला त्याने लागोपाठ ४४ किक पोस्टमधून घातल्या, तेव्हाचा तो वर्ल्ड रेकॉर्ड. टीमकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरा थांबून बघावा.

दुसरा मुद्दा गर्दीचा. हा अर्धा खरा आहे, मान्य. गर्दी हवी तशी जमली नाही. पण का जमली नाही ते कुणी सांगत नाही. बाकी चारही टीम्सची नावं बघा, कार्डिफ ब्लूज, लानेली स्कार्लेट्स, नीथ-स्वॉन्झी ऑस्प्रेज, न्यूपोर्ट ग्वेंट ड्रॅगन्स, प्रत्येकात कुठलं तरी गाव नाहीतर प्रदेश आहे. आणि यांची? सेल्टिक वॉरियर्स. ना पॉन्टी (पॉन्टिप्रिद), ना ब्रिजेंड, ना व्हॅलीजचा, म्हणजे तिथल्या खाणींच्या दऱ्यांचा, उल्लेख. आपली म्हणून हाक मारायला नावात आपलं काहीतरी लागतं हो.

त्यात बहुतेक होम मॅच ब्रिजेंडच्या ब्रुअरी फील्डला, पॉन्टिप्रिदच्या सार्डिस रोडच्या वाट्याला थोड्याच. सार्डिस रोड म्हणजे साधं मैदान नाही, पाहुण्या टीम्स त्याला हाउस ऑफ पेन म्हणायच्या, घाबरून यायच्या तिथे. पॉन्टिप्रिद टॅफ आणि रोंदा नद्यांच्या संगमावर, कोळशाच्या खाणींच्या दऱ्यांच्या तोंडाशी, आणि ब्रिजेंड तिकडे पश्चिमेला कार्डिफ आणि स्वॉन्झीच्या मधे. नकाशावर जवळ दिसतं, पण पॉन्टीच्या माणसाला सांगितलंत की आजपासून तुझी टीम ब्रिजेंडला खेळणार, तर तो एका सीझनमध्ये सवय लावून घेईल अशी अपेक्षाच चूक. वेळ द्यायला हवा होता, तो मिळाला फक्त एक सीझन.

याला जोडूनच तिसरं म्हणतात, की दोन वैरी एकत्र नांदणारच नव्हते. मग नीथ आणि स्वॉन्झी काय लहानपणापासूनचे दोस्त होते? त्यांचं वैर जुनं आणि चांगलंच कडवट. तरी ऑस्प्रेज टिकली आणि दुसऱ्याच सीझनला, २००४-०५ मध्ये, सेल्टिक लीग जिंकली. वैर हेच कारण असतं तर तीही बुडायला हवी होती.

चौथा मुद्दा पैशाचा, आणि इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय. तोटा होता, नाकारत नाही. पॉन्टिप्रिद क्लब २००३ मध्येच पैशाच्या अडचणीत सापडला आणि त्याचा वॉरियर्समधला अर्धा हिस्सा ब्रिजेंडचे मालक लेटन सॅम्युएल यांच्याकडे आला, त्यांनी तो युनियनला देऊन टाकला. म्हणजे सीझन चालू असताना वॉरियर्सची अर्धी मालक खुद्द युनियनच होती, हे लक्षात घ्या. पुढे सॅम्युएल यांनी आपला उरलेला अर्धाही युनियनला विकला, आणि १ जून २००४ ला युनियनने टीम बंद करून टाकली. आता सांगा, जी टीम पूर्णपणे तुमच्या हातात आलीये, जी लीगमध्ये चौथी आलीये, ती बंद होणं हे आपोआप होतं की कुणीतरी घेतलेला निर्णय असतो? पैसे पाच टीम्सना पुरत नव्हते, ठीक, चार ठेवायच्या होत्या, तेही समजू शकतो. पण पाचातली कुठली जाणार हे खेळावर ठरलं नाही, कुठल्या टीमचे शेअर्स हातात आले यावर ठरलं. निर्णय बरोबर की चूक यावर भांडू आपण, पण त्याला नशीब म्हणू नका, प्लीज. ‘आपोआप बंद पडली’ म्हटलं की कुणालाच जबाब द्यावा लागत नाही.

पाचवं, व्हॅलीजचे फॅन्स नंतर कार्डिफ आणि ऑस्प्रेजकडे गेले, कुणाचं काही बिघडलं नाही, असं. कागदावर पॉन्टिप्रिदचा भाग कार्डिफला आणि ब्रिजेंडचा ऑस्प्रेजला जोडला, पण माणसं कागदावर हलत नाहीत. पॉन्टी सेमी-प्रो क्लब म्हणून चालूच राहिला, पुढे २०१२ आणि २०१३ ला वेल्श प्रीमियरशिपही जिंकला. रग्बी तिथून कुठे गेलीच नव्हती, गेलं ते वरच्या लेव्हलचं प्रो रग्बी.

आणि शेवटचं ग्रँड स्लॅमचं. टीम बंद झाली म्हणून २००५ घडलं, हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागतं, कारण ते बरोबर उलटं आहे.

१९ मार्च २००५, कार्डिफचं मिलेनियम स्टेडियम, समोर आयर्लंड. जिंकलं तर १९७८ नंतरचा पहिला ग्रँड स्लॅम. आयर्लंडचा ओ’गारा किक मारायला गेला आणि गेथिन जेंकिन्सने ती अंगावर घेतली. हा माणूस प्रॉप आहे, स्क्रममध्ये सगळ्यात पुढे मान घालून ढकलणारा. बॉल सुटला, जेंकिन्स मागे धावला, पायाने पुढे ढकलत ढकलत लाइनपलीकडे नेला आणि झेपावला, ट्राय. दुसरा ट्राय फुलबॅक केव्हिन मॉर्गनचा. मॅच ३२-२०.

त्या दिवशीच्या पहिल्या पंधरा जणांत गेथिन जेंकिन्स, मेफिन डेव्हिस, ब्रेंट कॉकबेन, रॉबर्ट सिडोली, रायन जोन्स आणि केव्हिन मॉर्गन होते. सहा जण, सगळे वॉरियर्सचे. दोन्ही ट्राय वॉरियर्सच्याच माणसांचे. स्पर्धेला सुरुवात झाली तेव्हाचा कॅप्टन गॅरेथ थॉमस, तोही वॉरियर्सचा, पॅरिसला अंगठा मोडला म्हणून या शेवटच्या मॅचच्या दिवशी बाहेर होता. ही पोरं टीम बंद झाल्यावर दहा महिन्यांत घडली नाहीत, ती पॉन्टी आणि ब्रिजेंडमध्ये घडलेली होती आणि वॉरियर्समध्ये एकत्र खेळलेली होती. बंद केल्याने एवढंच झालं की जेंकिन्स आणि सिडोली कार्डिफला, रायन जोन्स आणि कॉकबेन ऑस्प्रेजला, मॉर्गन ड्रॅगन्सला असे पांगले.

आणि मेफिन डेव्हिसला वेल्समध्ये कुणी घेतलंच नाही. देशाचा हुकर, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या ओळीतला मधला, वर्ल्ड कप खेळून आलेला, आणि २००४ च्या उन्हाळ्यात हातात प्रो कॉन्ट्रॅक्ट नाही. सेमी-प्रो नीथकडून खेळत राहिला, मग इंग्लंडच्या ग्लॉस्टरने घेतला. ग्रँड स्लॅमच्या त्या दिवशी कार्डिफला स्क्रमच्या मधोमध तोच उभा होता.