वय सगळ्यांचं, तऱ्हा तिची

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनतीनदा वाचली. तिच्यात रागापेक्षा काळजी जास्त आहे, म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हावंसं वाटलं नाही.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लेक दोन वर्षांची झाली तेव्हा मी लिहिलं होतं की ती सावध आहे, आधी नीट बघते आणि मगच हात घालते. चालायलासुद्धा ती तशीच, सावकाश लागली. त्यावर तुमचं म्हणणं असं, की या वयात स्वभाव नसतो, टप्पे असतात. उशिरा चालण्याला ‘स्वभाव’ म्हणून पालक खऱ्या अडचणीकडे डोळेझाक करतात. आणि मुलाचे पाय पाळण्यात बघायच्या या घाईने पोरीवर आयुष्यभराचा शिक्का बसतो.

चालण्याचं आधी घेतो, कारण तिथे आपल्यात फारसा मतभेद नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांची पाहणी करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने असा निघाला. म्हणजे दोन अगदी ठणठणीत मुलांत नऊ महिन्यांचं अंतर पडू शकतं. साधारण ४ टक्के मुलं तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. लेक पंधरा महिने उलटल्यावर चालली, आणि त्याआधीच डॉक्टरांनी तिचे पाय, कंबर, तोल सगळं तपासलेलं होतं. मात्र दीड वर्ष होऊनही मूल चालत नसेल, किंवा येत असलेली गोष्ट मागे पडत असेल, म्हणजे बोललेले शब्द गेले, नजर द्यायची थांबली, असं काही असेल, तर कुणीही ‘त्याचा स्वभावच तसा’ म्हणून घरी बसू नये. सरळ डॉक्टरांकडे जावं. हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

टप्प्यांचंही तुमचं बरोबर आहे. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान बहुतेक मुलांना आरशातलं मूल म्हणजे आपणच हे उमगतं. १९७२ साली ब्यूला ॲम्स्टरडॅम या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मुलांच्या नाकाला रंगाचा ठिपका लावून त्यांना आरसा दाखवला होता. या वयाला आलेली मुलं आरशाला हात लावायचं सोडून स्वतःचं नाक चाचपू लागतात. ‘मी’ सापडला की पाठोपाठ ‘माझं’ येतं आणि ‘नाही’ येतं. ते सगळ्यांच्याच घरी येतं.

पण ते ‘नाही’ कोण कसं म्हणतं, तिथे मुलं वेगळी होतात. माझा भाचा लेकीहून थोडासाच मोठा. दोघांची ‘नाही नाही’ एकाच सुमाराला सुरू झाली. त्याचं ‘नाही’ सगळ्या घराला ऐकू जातं. पाठ ताठ करून जमिनीवर आडवा पडतो, आणि जरा वेळाने उठून हसायला मोकळा. लेक आवाज करत नाही. दोन्ही हात पाठीमागे नेते, हनुवटी छातीला टेकवते आणि तिथेच उभी राहते. कितीही समजूत घाला, ते हात पुढे येत नाहीत. आपण विसरून गेलेलो असतो, तेव्हा ती त्याच वस्तूपाशी येऊन पुन्हा हात मागे नेऊन दाखवते. माझं म्हणणं अजून तेच आहे, असं.

एका दुपारी दोघांपुढे रिकामे डबे आणि त्यांची झाकणं मांडली होती. भाच्याने हाताला येईल ते झाकण दाबलं, नाही बसलं की भिरकावलं आणि पुढचं घेतलं. झाकण बसल्याचा जितका आनंद, तितकाच ते खाली पडून खणखणल्याचा. लेकीने एक झाकण उचललं, उलटं केलं, कडेवरून बोट फिरवलं, मग डब्यावर टेकवलं. बसलं नाही. ते तिने उलटंच बाजूला ठेवलं आणि दुसरं घेतलं. जी बसली नाहीत ती पुन्हा उचलली नाहीत. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. शेवटी झाकणं दोघांनीही बसवली, आणि मला त्यांत डावंउजवं करायचं नाही. वय तेच, डबे तेच, तरी वागण्याची तऱ्हा दोन. या तऱ्हेलाच मी स्वभावाची सुरुवात म्हणतो.

असं म्हणणारे आपण आईबापच आहोत असंही नाही. न्यू यॉर्कमध्ये १९५६ पासून अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर पतिपत्नींनी शंभराहून अधिक मुलांचा तान्हेपणापासून वर्षानुवर्षं मागोवा घेतला. मूल हलतं किती, झोपेभुकेच्या वेळा पाळतं का, नव्या माणसाकडे झेपावतं की मागे सरतं, हाती घेतलेल्या गोष्टीला किती चिकटून राहतं, अशा नऊ अंगांनी त्यांनी मुलं पाहिली. १५ टक्के मुलं त्यांना हळूहळू रुळणारी वाटली; माझी लेक बहुधा त्यांच्यात गेली असती. पण ३५ टक्के मुलं त्यांच्या कुठल्याच गटात बसली नाहीत, आणि त्यांनीही ती ओढूनताणून बसवली नाहीत. मला हा आकडा फार मोलाचा वाटतो.

आता शिक्का. ही भीती रास्त आहे, आणि ती किती रास्त आहे हे चार्ल्स डार्विनच्या टिपणांवरून कळतं. आपल्या थोरल्या मुलाच्या तान्हेपणी त्याने बारकाईने नोंदी ठेवल्या होत्या आणि १८७७ मध्ये त्यांवरून लेख प्रसिद्ध केला. सव्वादोन वर्षांचा असताना हा मुलगा राग आला की पुस्तकं, काठ्या फेकून मारण्यात पटाईत झाला होता, असं तो लिहितो. त्याच्या आणखी काही मुलांचं तसंच, मुलींचं मात्र नाही. इथपर्यंत तो बापाच्या डोळ्यांनी जे दिसलं ते सांगतो. पण लगेच पुढे जाऊन फेकण्याची वृत्ती मुलग्यांना वारशाने मिळत असावी, असा अंदाजही बांधतो. एका घरातल्या चारदोन मुलांवरून! एवढा मोठा निरीक्षक, पण नोंद आणि निष्कर्ष यांच्यातलं अंतर त्यानेही एका उडीत ओलांडलं.

म्हणून माझा रोख तिने काय केलं यावर असतो. हात मागे नेले, झाकण उलटं ठेवलं, नव्या माणसाला गुडघ्याआडून बघत राहिली. ‘सावध’ हे आजच्या या वागण्याला दिलेलं नाव आहे. उद्या वागणं बदललं तर नावही बदलेल. आणि ते बदलू शकतं. हार्वर्डमध्ये जेरोम केगन या मानसशास्त्रज्ञांनी चार महिन्यांच्या बाळांना हलणारी रंगीत खेळणी दाखवली, ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले. साधारण २० टक्के बाळं हातपाय झाडून रडली. तशी बाळं पुढे बुजरी होण्याची शक्यता जास्त होती, तरी त्यांतली कितीतरी मोठेपणी फारशी बुजरी राहिली नाहीत. अगदी बिनधास्त मात्र फार थोडी झाली. मला हे दोन्ही बाजूंनी पटतं. घडण असते, पण ती पुढचं सगळं ठरवून टाकत नाही.

तुमच्याशी माझा खरा वाद आहे तो इथे. तुम्ही म्हणता, स्वभाव बघूच नका, मुलाला मोकळं सोडा. पण न बघता मोकळं कसं सोडणार? थॉमस आणि चेस यांचं म्हणणं होतं की अमुक एक स्वभाव वाईट असं नसतंच. मुलाची घडण आणि घरच्यांच्या अपेक्षा यांचा मेळ बसला नाही की त्रास सुरू होतो. मी लेकीला बघितलं नसतं तर घरात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या कडेवर तिला दिलं असतं आणि ती रडली की ‘लाजते’ म्हणालो असतो, तेही तिच्यासमोर. शिक्का बसतो तो अशा वेळी. आता आम्ही येणाऱ्याला एवढंच सांगतो की तिला थोडा वेळ बघू द्या, तुम्ही आमच्याशी बोला. गुडघ्याआडून ती बघते. मग एक ठोकळा आणून त्यांच्या मांडीवर ठेवते आणि परत मागे जाते. मग दुसरा आणते. तिला लपवूनही ठेवत नाही आम्ही. रोज बाहेर नेतो, नवी माणसं भेटतात, वेग फक्त तिचा.

जाता जाता एक विचारायचं आहे. प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही लिहिलंत की तुमचा थोरला पहिल्यापासून शांत आणि धाकटी जन्मली तीच वादळ होऊन, आणि दोघंही आता कॉलेजात आहेत. धाकटीचं लहानपणी नेमकं काय बघून तुम्हाला वादळ वाटायचं? आणि त्यातलं आज काय उरलंय, काय मावळलं? सवडीने लिहा. मधली सगळी वर्षं तुम्ही पाहिली आहेत, माझी यायची आहेत.